परत गेलेल्या बायकांची नोंद

साहेबांनी नवंकोरं खोडरबर टेबलावर ठेवलं आणि एका बोटानं हवालदारबाईंच्या दिशेनं सरकवलं. त्याच्यावरचा कागदसुद्धा अजून निघालेला नव्हता.

"बारा वाजायच्या आत," ते म्हणाले. "सगळे."

हवालदारबाईंनी मान वर केली नाही. त्यांच्यासमोर एक दुनळी बंदूक आडवी पडली होती आणि त्या तिच्या अंगावर कोरलेल्या आकड्यांवर खडू घासत होत्या. खडूची पूड खाचांत बसली आणि वरून फडकं फिरवलं की आकडे पांढरे होऊन उठून दिसतात. परवान्यावरचा नंबर बघून तोच वहीत उतरवायचा, ही या कामाची सोपी रीत. बाईंच्या आधीच्या कारकुनानं ती निष्ठेनं पाळली, आणि एका बंदुकीच्या नंबरातला तीन त्याच्या वहीत अठरा वर्षं आठ म्हणून सुखानं नांदला. बाई लोखंड वाचायच्या. कागद नंतर.

"काय सगळे?" त्यांनी विचारलं.

"ते ठिपके. समिती बारा वाजता येतेय. उद्या वही स्कॅनिंगला जाणार. स्कॅनमध्ये माश्या बसल्यासारखे दिसतात ते."

"माश्या नाहीत साहेब त्या."

"काय आहेत ते मला माहीत आहे. म्हणूनच सांगतोय."

ठाण्याच्या शस्त्र नोंदवहीत तीनशे बारा बंदुका होत्या. प्रत्येकीपुढे मालकाचं नाव, पत्ता, बंदुकीचा नंबर, कशासाठी हवी त्याचं कारण, तपासणीची तारीख. ठिपक्यांसाठी रकाना नव्हता. ते डाव्या समासात होते, नावाच्या अलीकडे, पेन्सिलीचे, मोहरीपेक्षाही लहान. एकोणीस नावांपुढे मिळून एक्केचाळीस. प्रत्येक ठिपका म्हणजे त्या घरातल्या बाईची एक खेप: ती ठाण्याच्या काउंटरपर्यंत आली आणि काही न सांगता परत गेली.

तक्रार देणाऱ्या बाईसाठी ठाण्यात वही असते, क्रमांक असतो, पोच असते. परत जाणारीसाठी काहीही नसतं. ती येते, पर्सचा बंद पिळत उभी राहते, भलतंच काहीतरी विचारते आणि "काही नाही, सहज आले होते" असं म्हणून निघते. गाव एवढंसं, ती कुठल्या घरची हे विचारावं लागत नाही. ठाण्यात कुणी सहज येत नाही. सहज यायला ते काय मावशीचं घर आहे?

सात वर्षांपूर्वी अशीच एक आली होती. हातात भाजीची पिशवी होती. तिनं विचारलं, घरात बंदूक नको असेल तर दुसऱ्या कुणाला अर्ज करता येतो का. बाईंच्या हातात तेव्हा दुसरं काम होतं. "परवाना ज्याच्या नावावर, अर्ज त्यानंच करायचा," त्या म्हणाल्या. उत्तर नियमाला धरून होतं. ती "बरं" म्हणाली आणि गेली. अकराव्या दिवशी तिच्या नवऱ्यानं त्याच बंदुकीनं तिला मारलं. चौकशीत नोंदवही मागवली गेली आणि परत आली तेव्हा त्या ओळीसमोर लाल शाईत शेरा होता: नोंद बिनचूक आहे.

त्या शेऱ्याचा बाईंना जो राग आला तो अजून उतरला नव्हता. त्या आठवड्यात त्यांनी पेन्सिलीला टोक केलं.

परवान्याचं नूतनीकरण दर तीन वर्षांनी असे आणि त्या वेळी बंदूक तपासणीसाठी ठाण्यात जमा व्हायची. नावापुढे ठिपका असला की बाई त्या घरी जायच्या, नवरा बाहेर गेलेला असेल अशी वेळ बघून, आणि घरातल्या बाईला एकच विचारायच्या: बंदूक परत देऊ का? गेल्या सात वर्षांत नऊ जणींनी "नको" म्हटलं होतं. त्या नऊ बंदुका या ना त्या सबबीवर शस्त्रागारात अडकून पडल्या होत्या. सगळ्या सबबी खोट्या होत्या आणि बाईंना त्याची तिळमात्र लाज वाटत नव्हती.

साहेबांना हे ठाऊक होतं. गेल्या तीन वर्षांतल्या सबबींवर त्यांनीच सह्या केल्या होत्या, वर न बघता. माणूस वाईट नव्हता. पण सही करताना वर न बघणं वेगळं आणि समितीसमोर ठिपके मांडणं वेगळं.

"बाई, जरा माझंही ऐका," ते खुर्ची ओढून बसले. "एखाद्याच्या नावापुढे तुम्ही खूण करता. त्याला माहीत नाही, कोर्टाला माहीत नाही, त्याला उत्तर द्यायची सोय नाही. हा कुठला न्याय? उद्या कुणी तुमच्या नावापुढे अशी खूण केली तर?"

"खुशाल करावी. माझ्याकडे पण बंदूक आहे. सरकारी आहे म्हणून काय झालं?"

साहेबांना हसू आलं आणि ते आल्याबद्दल स्वतःचाच राग आला. त्यांनी खिशातून एक छापील कागद काढला. "समितीला आपलं मत हे द्यायचंय. नोंदी पूर्ण आहेत, तपासणी वेळेवर होते, गुन्ह्यांशी परवान्याच्या बंदुकांचा संबंध नगण्य. सबब एकदा नोंद झाली की परवाना आयुष्यभराचा करायला, आणि दर तीन वर्षांची तपासणी बंद करायला पोलिसांची हरकत नाही."

"हे कुणाचं मत?"

"वरून आलंय."

"पोलिसांचं मत वरून आलं?"

"बाई."

"नाही, मला कळू दे. मत वरचं आणि सही खालची, असंच ना?"

साहेब उठले. "बारा वाजता वही स्वच्छ हवी. नाहीतर बदलीचा कागद मला लिहावा लागेल, आणि तो लिहायची मला हौस नाही."

ते खोलीत गेले. बाईंनी खोडरबर उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं. त्यांच्या टेबलाचा एक पाय कित्येक महिन्यांपासून आखूड होता. वाकून त्यांनी खोडरबर त्या पायाखाली सारलं. टेबल डुगडुगायचं थांबलं आणि त्यांनी दुनळीचा नंबर वहीत लिहून घेतला.

तपासणी बंद झाली तर काय होईल हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते दार वाजवायला त्यांच्याकडे तेवढं एकच कारण होतं. तेही गेलं की बंदूक आत, बाई आत, आणि वहीत सगळं बिनचूक.

साडेदहाच्या सुमारास त्यांचा धाकटा भाऊ आला. त्याची लाकडाची वखार होती. तिथे एकदा चोरी झाली, तेव्हा त्यानं बंदुकीचा परवाना काढला. आज त्याच्या नूतनीकरणाचा दिवस होता. बंदूक खांद्याला लावून तो दारातल्या शिपायाची थट्टा करतच आत शिरला.

"ताई, तुझ्या माहेरचं माणूस आलंय. ठाण्यात काही मानपान आहे की नाही?"

"आहे ना. आधी काडतुसं मोजून दे."

"बघा," तो शिपायाला म्हणाला, "लहानपणी माझी नखं कापायची ही. तेव्हापासून माझ्या हातात धारदार काही राहू देत नाही."

सगळे हसले. बाईही हसल्या. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि त्या सोळाच्या. त्याच्या वह्यांना कव्हरं त्यांनी घातली, त्याच्या तापात रात्री जागून काढल्या, त्याच्यासाठी मुलगी बघायलाही त्याच गेल्या होत्या. तो खोलीत आला की उजेड झाल्यासारखं वाटे, आजही वाटलं. त्यांनी खडू घासला, फडकं फिरवलं, नंबर जुळला.

"वहिनी नाही आली?"

"गाडीत बसलीय. डोकं दुखतंय म्हणे. तिचं काहीतरी चालूच असतं."

खिडकीतून गाडी दिसत होती. वहिनी पुढच्या सीटवर बसली होती, पट्टा लावलेला तसाच, नजर मांडीवर. बाईंना वाटलं जाऊन दोन शब्द बोलावं. तेवढ्यात फोन वाजला, आणि फोन ठेवेपर्यंत भाऊ निघायच्या तयारीत होता.

"कधी मिळेल?"

"साहेबांची सही झाली की. पाच वाजता ये."

"घरच्या माणसालाही पाच?"

"घरच्या माणसाला सहा. तू लाडका म्हणून पाच."

बंदूक त्यांनी शस्त्रागारात ठेवली, कुलूप लावलं, त्याचा अर्ज साहेबांच्या टेबलावर नेऊन दिला.

समिती म्हणून जे आलं ते म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश आणि त्यांच्याबरोबर लॅपटॉप घेतलेली एक टंकलेखिका. न्यायाधीश सडपातळ होते, पाणीसुद्धा नको म्हणाले, आणि साहेबांनी छापील मत वाचायला घेतलं तेव्हा समोरची नोंदवही उघडून पानं उलटायला लागले. टंकलेखिका टाइप करत होती. बाई भिंतीपाशी उभ्या होत्या. वही स्वच्छ आहे की नाही हे पाहायला साहेबांना वेळ झाला नव्हता, किंवा त्यांनी तो काढला नव्हता.

"हे काय आहे?" न्यायाधीशांचं बोट समासावर थांबलं होतं.

"जुने डाग असतील, सर," साहेब म्हणाले.

"डाग नाहीत, सर," बाई म्हणाल्या.

साहेबांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं. बाई पुढे आल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. भाजीची पिशवी घेतलेली बाई, लाल शेरा, पेन्सिल, एकोणीस घरं, नऊ बंदुका. सबबी खोट्या होत्या हेही सांगितलं. साहेबांच्या सह्यांबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही.

"इन्स्पेक्टरांनी वाचलं त्यात यातलं काही नाही," न्यायाधीश म्हणाले.

"ते मत वरून आलंय, सर. हे काउंटरवरचं आहे."

टंकलेखिकेनं हात थांबवून विचारलं, "हे घ्यायचं का?"

"घ्या." न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. "बाई, तुमच्या एक्केचाळीस ठिपक्यांना पुरावा काय?"

"काही नाही."

"कुणाचा जबाब?"

"जबाब दिला असता तर ठिपका कशाला द्यावा लागला असता?"

"मग तुम्ही ठरवता तरी कशावरून? कुणी रस्ता विचारायलाही ठाण्यात येतं."

"रस्ता विचारणारं माणूस उत्तर ऐकून जातं, सर. या उत्तर यायच्या आत निघतात. किंवा असं काही विचारतात, जे ज्याच्या मनात सतत घोळतंय तोच विचारेल. एकीनं विचारलं, ठाण्याला मागचं दार आहे का. एकीनं विचारलं, गोळीचा आवाज शेजारी किती लांबवर जातो. कुणी ताटं पुसता पुसता विचारतं, परवाना संपला की बंदूक कुठे जाते."

"ताटं पुसता पुसता?" न्यायाधीशांनी मान वर केली. "ठाण्यात ताटं कुठली?"



ताटं बाईंच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातली होती. गेल्या वर्षी सगळे त्यांच्याकडे जेवायला आले होते. भाऊ बाहेर मुलांना हसवत होता, आतपर्यंत हशा ऐकू येत होता. वहिनी ओट्यापाशी उभी राहून ताटं पुसत होती, आणि तिनं अगदी हळू आवाजात हे विचारलं होतं. बाईंनी परीक्षेत उत्तर द्यावं तसं घडाघडा उत्तर दिलं होतं: ठाण्यात जमा होते, शस्त्रागार असतं, कुलूप असतं, नोंद असते. आपल्या कामाची चौकशी कुणीतरी करतंय याचा त्यांना आनंद झाला होता. वहिनी "असं होय" म्हणाली आणि पुसलेलंच ताट पुन्हा पुसायला लागली. "अगं, पुसून झालंय ते," असं बाई तिला म्हणाल्या होत्या.

"बाई?" न्यायाधीश म्हणाले.

"ठाण्यात नाही, सर. घरी."

"त्या घराच्या नावापुढे किती ठिपके आहेत?"

बाईंनी वही आपल्याकडे ओढली. पान शोधावं लागलं नाही. भावाचं नाव, पत्ता, नंबर, कारण: वखारीचं संरक्षण. समास कोरा होता.

"एकही नाही."

"का?"

"तो माझा भाऊ आहे."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यात विजयही नव्हता, आणि म्हणूनच तो जास्त लागला.

"सर, मला हेच म्हणायचं होतं. या बाईंइतकी प्रामाणिक कर्मचारी माझ्याकडे दुसरी नाही. त्यांचाही हात नात्यापाशी अडला. मग दुसऱ्या कुणाच्या हातात पेन्सिल दिली तर तो शेजाऱ्याशी भांडण झालं म्हणून ठिपका देईल, आणि मित्र आहे म्हणून देणार नाही. अशा खुणांवर कायदा चालत नाही."

न्यायाधीशांनी मान हलवली. टंकलेखिकेनं वाक्य पूर्ण केलं. बाईंना कळलं की आपण सात वर्षं जपलेली गोष्ट आपल्याच तोंडानं मोडीत काढली. लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग त्यांचा जुना राग आला, पण या वेळी तो स्वतःवरही होता.

"साहेब बरोबर बोलतायत," त्या म्हणाल्या. "माझी वही माझ्या घरापाशी येऊन आंधळी झाली. दोष वहीचा नाही, माझा आहे. पण त्याचा अर्थ बाकीच्या घरांकडेही डोळेझाक करा असा होत नाही. पेन्सिल नको ना? मग रकाना छापा. विचारायला जाणारं माणूस दुसऱ्या ठाण्याचं पाठवा, म्हणजे भाऊ-बहीण, शेजारी, मित्र आड येणार नाहीत. नवऱ्यालाही उत्तर देऊ द्या, तो म्हणेल ते लिहून घ्या, कोर्टाला दाखवा. माझं काही म्हणणं नाही. फक्त तपासणी बंद करू नका. तीन वर्षांतून एकदा तरी ते दार वाजवायला आम्हाला काही कारण राहू द्या."

"हे पोलिसांचं मत म्हणून घ्यायचं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माझं म्हणून घ्या. नाव, हुद्दा घाला."

"बाई, तुम्हाला निवृत्तीला चार वर्षं आहेत," साहेब हलकेच म्हणाले. ती धमकी नव्हती.

"माहीत आहे. हुद्दा बरोबर लिहा म्हणजे झालं."

मग त्यांनी खिशाला लावलेलं पेन काढलं. शाईचं. भावाच्या नावापुढच्या कोऱ्या समासात टोक टेकवलं आणि क्षणभर तसंच धरून ठेवलं, त्यामुळे ठिपका इतरांपेक्षा मोठा झाला.

"हे माझ्यासमोर झालं असं लिहू?" न्यायाधीशांनी विचारलं.

"लिहा, सर. तारीखही घाला."

समिती गेली. चार वाजता साहेबांनी बाईंना आत बोलावलं. टेबलावर भावाचा अर्ज होता. खाली साहेबांची सही होती.

"सकाळीच केली होती," ते म्हणाले. "तुमचा भाऊ म्हणून. बघितलंसुद्धा नाही."

"रद्द करा."

"कशाच्या आधारावर? एका वर्षापूर्वी कुणी ताटं पुसताना काही विचारलं, याच्या? मी सही केली म्हणजे परवाना झाला. आता बंदूक अडवली तर ती बेकायदा अडवली असं होईल."

"मग मी बेकायदा अडवतेय."

"कुठल्या नियमाखाली?"

"नियम नाही साहेब. अडवतेय."

साहेबांनी हात पसरले. "तुमच्या वहिनीनं 'द्या' म्हटलं तर?"

"तर देईन. आणि तुमच्यासमोर नाक घासून माफी मागेन."

"आणि भावाला काय सांगाल?"

अर्ज उचलून बाई बाहेर आल्या आणि काउंटरपाशी बसून राहिल्या. तासभर त्यांना एकच दिसत होतं: सहा वर्षांचा मुलगा, दारात उभा, ताई कधी येते म्हणून वाट बघणारा. तो आपल्यावर किती चिडेल याची त्यांना भीती वाटत नव्हती. तो आपल्याकडे कसा बघेल याची वाटत होती.

पाचला पाच कमी असताना तो आला. एकटा होता.

"झाली सही?"

"झाली."

"मग दे. वखारीत माल उतरायचाय."

"बंदूक आज मिळणार नाही. आधी मला वहिनीशी बोलायचंय. एकटीशी."

"कशाबद्दल?"

"बंदूक परत देऊ का, एवढंच. काही घरांत मी विचारते."

"काही घरांत म्हणजे?" तो हसला. मग बाई हसत नाहीत हे पाहून त्याचं हसू एकेका बाजूनं उतरत गेलं. "ताई, घरचीच माणसं आपण."

"म्हणूनच एवढा उशीर झाला."

तो बघत राहिला. बाईंना ज्या नजरेची भीती वाटत होती ती ही नव्हती. ही अनोळखी होती. समोरच्या माणसाला काय काय कळलंय याचा हिशेब करावा तशी. ही नजर कुणीतरी रोज बघत असेल असं त्यांच्या मनात आलं.

"तिनं काय सांगितलं तुला?" त्याचा आवाज खाली आला होता.

"काहीच नाही. तिनं कधीच काही सांगितलं नाही."

"थांब. आत्ताच विचार." त्यानं फोन काढला, नंबर लावला, स्पीकर चालू करून काउंटरवर आपटला. "विचार माझ्यासमोर. बघू काय म्हणते ते."

बाईंनी फोन उचलला, स्पीकर बंद केला आणि कानाला लावला. तो हात पुढे करून काही बोलणार तेवढ्यात दारातला शिपाई सहज चालत यावं तसा जवळ येऊन उभा राहिला.

"अगं, मी बोलतेय," बाई म्हणाल्या. "त्याच्या फोनवरून. तू मला मागे एक विचारलं होतंस. माझ्याकडे, ताटं पुसताना. मला ते तेव्हा ऐकू आलं नाही. आज आलं."

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाल्याचा आवाज आला.

"बंदूक कुठाय?" वहिनीनं विचारलं.

"इथे आहे."

"कुलपात?"

"कुलपात."

"आणि हे?"

"समोर उभा आहे."

वहिनीनं श्वास सोडलेला ऐकू आला. "मग तुम्ही या, ताई," ती म्हणाली. "हे तिथे आहेत तोवर या."

बाईंनी फोन बंद केला आणि परत दिला नाही, आपल्या बाजूला ठेवला. उठून टोपी घेतली.

"काय म्हणाली?" भावानं विचारलं.

"ये म्हणाली."

"मग मीही येतो. माझं घर आहे ते."

त्याला अडवायला कुठलाही नियम नव्हता. बाई काउंटरच्या फळीला हात लावून उभ्या राहिल्या. त्यांना त्याच्या अंगावर ओरडावंसं वाटलं, त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं, आणि दोन्हींपैकी काहीच करता येईना.

"तुम्ही थांबा," मागून आवाज आला.

साहेब आपल्या खोलीच्या दारात उभे होते. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. ते पुढे आले, काउंटरवरचा सही केलेला अर्ज त्यांनी उचलला, मधोमध फाडला आणि दोन्ही तुकडे नीट एकावर एक ठेवले.

"माझी सही चुकून झाली होती," ते भावाला म्हणाले. "अर्ज नव्यानं भरावा लागेल. आत्ताच भरू."

"मी उद्या येऊन भरतो."

"उद्या मी नसेन. बसा."

शिपायानं खुर्ची आणून मागे लावली. भाऊ बाईंकडे बघत होता, बाई दाराकडे निघाल्या होत्या. साहेबांनी कोरा अर्ज समोर घेतला, तो सरळ केला, पेनाचं टोपण काढून ते पेनाच्या मागे बसवलं.

"पूर्ण नाव सांगा," ते म्हणाले. "सावकाश सांगा. मला काही घाई नाही."